ब्राउझरमधली त्रिकोणमिती : कोन कुणी मोजायचा, किती नेमका

साइन, कोसाइन आणि टॅन्जंट ही फंक्शने वेब प्रोग्रामिंगमध्ये प्रामुख्याने तीन ठिकाणी लागतात. पडद्यावरच्या वस्तू वर्तुळावर किंवा लाटेवर मांडणे हे पहिले काम. पृथ्वीवरचे अक्षांश-रेखांश सपाट नकाशावर आणणे आणि दोन ठिकाणांतले अंतर काढणे हे दुसरे. ग्राफिक्स प्रोसेसरकडून त्रिमितीय चित्र रंगवून घेणे हे तिसरे. यांतले गणित शाळेतलेच आहे. वाद आहे तो दोन प्रश्नांवर : हे गणित कोणत्या थरात करावे, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, स्टाइलशीटमध्ये, ग्राफिक्स प्रोसेसरवर की सर्व्हरवर, आणि उत्तर किती अंकांपर्यंत बरोबर असले पाहिजे.

उदाहरणासाठी रायपूरचा गोल बाजार सोयीचा आहे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असलेल्या छत्तीसगडमधल्या या शहराच्या जुन्या भागात, मालवीय रोडला लागून ही दाट बाजारपेठ आहे. तिचे स्थान ढोबळमानाने २१.२५ अंश उत्तर अक्षांश आणि ८१.६३ अंश पूर्व रेखांश. या बाजाराचे वेबपान करायचे म्हटले की नकाशावरचा ठिपका, ग्राहकापासूनचे अंतर आणि दुकानांच्या प्रकारांचा वर्तुळाकार मेनू या तिन्ही गोष्टी लागतात, आणि तिन्हींना त्रिकोणमिती लागते.

पार्श्वभूमी

साइनची किंमत काढण्याचे दोन मार्ग फार जुने आहेत. एक, आधीच तयार केलेल्या कोष्टकातून दोन किमती घेऊन मधली अंदाजाने काढणे. दुसरा, सूत्राने थेट काढणे. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ‘ज्यां’च्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनच्या, किमती मिळतात, त्रिज्या ३४३८ कला धरून. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने अशा कोष्टकातली मधली किंमत काढण्यासाठी दुसऱ्या घाताचे अंतर्वेशन दिले. त्याच शतकातल्या पहिल्या भास्कराने कोष्टकच बाजूला ठेवले. कोन अंशांत घ्यावा, तो १८० मधून वजा करावा, या दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तिला ४०५०० वजा तोच गुणाकार या संख्येने भागावे, हे त्याचे सूत्र. ३० अंशांना ते बरोबर अर्धा देते. ० ते १८० अंशांत कुठेही चूक सुमारे ०.००१६ पेक्षा जास्त होत नाही.

दुसऱ्या भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ज्योत्पत्तीचे प्रकरण आहे, आणि त्यात दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत आहे. वेबपानावर एखादे चित्र फिरवताना ब्राउझर जे मॅट्रिक्स वापरतो ते मुळात याच बेरीजसूत्राची मांडणी होय. भास्कराचार्यांचे गाव नेमके कोणते यावर एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू चंगदेव यांच्या मठाची नोंद आहे, त्यामुळे खानदेशाकडे बोट जाते.

नकाशांच्या बाजूने पाहता, भारतात त्रिकोणमितीचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष वापर १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने पायारेषा मोजून सुरू केलेल्या महासर्वेक्षणात झाला. एक बाजू साखळीने मोजायची आणि पुढचे सगळे त्रिकोण केवळ कोनांवरून सोडवायचे, ही पद्धत. सुमारे ७८ अंश रेखांशाच्या कडेने उत्तरेकडे सरकणाऱ्या या कामातच लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचा लंबगोल १८३० पासून भारताच्या नकाशांचा आधार झाला, आणि त्याचे परिणाम वेबवरही येऊन आदळतात, ते पुढे.

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली. तिच्या ‘मॅथ’ संचात साइन, कोसाइन, टॅन्जंट, त्यांची उलट फंक्शने आणि दोन निर्देशकांवरून कोन देणारे ‘एटॅन२’ सुरुवातीपासून आहेत. २०१५ च्या आवृत्तीत हायपरबोलिक फंक्शने आणि कर्णाची लांबी देणारे ‘हायपॉट’ यांची भर पडली. त्यानंतर मूळ यादी फारशी बदललेली नाही. बदलली आहे ती त्या फंक्शनांच्या आतली यंत्रणा, आणि त्यांच्या बाहेरची स्पर्धा.

अंश, रेडियन आणि उलटा अक्ष

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती पूर्णपणे अंशांत चालते. रेडियन भेटतो तो अकरावीत. जावास्क्रिप्टला मात्र रेडियनशिवाय दुसरे काही कळत नाही. कॅनव्हासवर वर्तुळकंस काढणारी आज्ञाही रेडियनच मागते. याउलट सीएसएसमध्ये अंश, रेडियन, ग्रेडियन आणि पूर्ण फेरा अशी चार एकके आहेत, आणि एसव्हीजीमधले फिरवण्याचे गुणधर्म अंशांत चालतात. एकाच पानावर तीन तंत्रे वापरली की एकाच कोनाला दोन-तीन रूपे द्यावी लागतात. नवशिक्याच्या कोडमधल्या बऱ्याच चुका साइनच्या नसतात, १८० ने भागून पायने गुणायचे राहून गेल्याच्या असतात.

दुसरी अडचण दिशेची. शाळेतल्या आलेखात वाय अक्ष वर जातो आणि कोन पूर्वेकडून घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. पडद्यावर वाय अक्ष खाली जातो, त्यामुळे तेच सूत्र जसेच्या तसे लिहिले तर कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. शिवाय शून्य अंश कुठे, यावर वेबच्या आतच एकवाक्यता नाही : कॅनव्हासचा कंस उजवीकडून, म्हणजे तीनच्या काट्यापासून सुरू होतो, तर सीएसएसचा शंकूसारखा फिरणारा रंगपट्टा वरून, बाराच्या काट्यापासून. नकाशातला दिगंश उत्तरेकडून मोजतात. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या रेषेचा सुरुवातीचा दिगंश सुमारे ८७ अंश, म्हणजे जवळजवळ थेट पूर्व. तोच ‘एटॅन२’ला नेहमीच्या क्रमाने विचारला तर उत्तर ३ अंशांच्या आसपास येते. दोन्ही बरोबर, फक्त मोजण्याची सुरुवात वेगळी.

या गोंधळावर जावास्क्रिप्टच्या मानक समितीपुढे अंश-रेडियन रूपांतराची तयार फंक्शने भाषेतच आणण्याचा प्रस्ताव आला होता. तो पहिल्या टप्प्यापलीकडे गेला नाही. समर्थकांचा मुद्दा वाचनीयतेचा, विरोधकांचा असा की एका ओळीच्या गुणाकारासाठी भाषा वाढवू नये. तिसरा मार्ग अधिक मुळाशी जाणारा आहे : कोनाऐवजी पायच्या पटीत संख्या घेणारी साइन. तरत्या दशांशचिन्हाच्या (फ्लोटिंग पॉइंट) संख्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २००८ मध्ये तिची शिफारस केली आणि सी भाषेच्या अलीकडच्या मानकात ती आली. जावास्क्रिप्टमध्ये ती नाही.

तिची गरज का वाटते, हे एका प्रसिद्ध ‘चुकी’वरून कळते. जावास्क्रिप्टला पायची साइन विचारली तर शून्य मिळत नाही, १.२२४६ गुणिले १० चा उणे १६ वा घात मिळतो. पुष्कळ पाठांत हा साइनचा दोष म्हणून दाखवला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. ६४ बिटांत बसणारा पाय खऱ्या पायपेक्षा तेवढाच लहान आहे, आणि साइनने त्या किंचित लहान कोनाचे प्रामाणिक उत्तर दिले आहे. त्याचप्रमाणे अर्ध्या पायचा टॅन्जंट अनंत न येता १६,३३१ लाख कोटींच्या घरातली एक भलीमोठी पण सांत संख्या येते.

मांडणी : स्क्रिप्ट की स्टाइलशीट

गोल बाजाराच्या पानावर बारा प्रकारच्या दुकानांची चिन्हे वर्तुळावर मांडायची आहेत असे धरले, तर शेजारच्या दोन चिन्हांत ३० अंशांचे अंतर पडते. वरून सुरुवात केल्यास चिन्ह उजवीकडे त्रिज्या गुणिले साइन इतके आणि वर त्रिज्या गुणिले कोसाइन इतके सरकवायचे. एवढे साधे काम कोणी करायचे, यावर चार मते आहेत.

पहिले मत सर्वांत जुने : स्क्रिप्टने प्रत्येक चिन्हाची जागा काढून ती लिहावी. याची बाजू अशी की स्क्रिप्टला मजकुराची खरी रुंदी मोजता येते. देवनागरी शब्दांच्या बाबतीत हे महत्त्वाचे ठरते. ‘किराणा’ आणि ‘पूजासाहित्य’ यांची रुंदी वेगळी, वरच्या मात्रा आणि रफार यांमुळे उंचीही वेगळी. दोन लेबले एकमेकांवर आली तर ती बाजूला सरकवणे केवळ स्क्रिप्टलाच जमते. उणी बाजू म्हणजे पान लहान-मोठे झाले की हिशेब पुन्हा करावा लागतो, आणि स्क्रिप्ट उतरेपर्यंत सगळी चिन्हे एका जागी गोळा झालेली दिसतात.

दुसरे मत स्टाइलशीटच्या बाजूचे. सीएसएसमध्ये साइन, कोसाइन, टॅन्जंट आणि ‘एटॅन२’सह त्यांची उलट फंक्शने अशी सात फंक्शने आली : सफारीत मार्च २०२२ ला, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२२ ला, क्रोममध्ये मार्च २०२३ ला. ती कोन घेतात, नुसती संख्या दिली तर तिला रेडियन समजतात, आणि उलट फंक्शने परत कोनच देतात. त्यामुळे रूपांतराची कटकट बरीच कमी होते. त्रिज्या टक्क्यांत किंवा भोवतालच्या चौकटीच्या रुंदीच्या प्रमाणात देता येते, म्हणजे मोबाइलवर वर्तुळ आपोआप लहान होते. एक त्रुटी राहिली होती : कितवे चिन्ह आहे हे स्टाइलशीटला कळत नसे, प्रत्येकाला हाताने क्रमांक द्यावा लागे. २०२५ मध्ये क्रोमने भावंडांतला क्रमांक आणि एकूण भावंडे सांगणारी फंक्शने आणली, तेव्हा तीही भरून निघू लागली. ती सगळ्या ब्राउझरांत सारखी स्थिरावली की हे मत आणखी वजनदार होईल.

तिसरे मत म्हणते, साइन लिहायचीच कशाला? चिन्ह आधी फिरवा, मग त्रिज्येइतके बाहेर ढकला, मग तेवढेच उलटे फिरवून सरळ करा. त्रिकोणमिती होतेच, पण ब्राउझरच्या मॅट्रिक्सच्या आत. सीएसएसमध्ये साइन येण्यापूर्वीची कित्येक वर्षे वर्तुळाकार मेनू याच युक्तीवर चालले, आणि साध्या मेनूला ती आजही पुरते. वस्तूला एखाद्या आखलेल्या मार्गावर बसवणारा गुणधर्मही याच पंथातला.

चौथे मत बांधणीच्या वेळी हिशेब उरकण्याचे. सॅससारख्या भाषेत साइन काढून तयार आकडे स्टाइलशीटमध्ये छापायचे. सॅसच्या गणिती संचात ही फंक्शने येण्याआधी काही जण टेलर श्रेणी स्वतः लिहून साइन काढत. ते कोड आज पाहिले तर कौतुक आणि दया दोन्ही वाटते. स्थिर मांडणीला हा मार्ग चालतो, बदलत्या संख्येला चालत नाही.

विरोधकांचा एक आक्षेप दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही मतांना लागू होतो : दिसण्याच्या भाषेत हिशेब वाढत गेले तर चूक शोधणे अवघड होते. समर्थकांचे उत्तर असे की चिन्ह कुठे दिसावे हा दिसण्याचाच भाग आहे. या वादात अचूकतेचा मुद्दा कुणीच फारसा काढत नाही, आणि ते बरोबरच आहे. २०० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळावर पहिल्या भास्कराच्या सूत्राची कमाल चूकही पिक्सेलच्या एक तृतीयांशाएवढीच पडते.

हालचालीच्या बाबतीत चित्र लवकर सांगता येते. साइनच्या आकाराने सुरू होऊन मंदावणारी गती आता बहुधा तयार वक्रांनी साधली जाते. खरी साइन लागते ती लाट, लंबक किंवा ध्वनी यांसाठी, आणि वेबच्या ध्वनियंत्रणेत साइन लहरी देणारा स्रोत तयारच मिळतो.

नकाशा आणि अंतर

येथे त्रिकोणमिती टाळता येत नाही, आणि येथेच चुकीची किंमत मीटर-किलोमीटरांत मोजावी लागते.

२००५ मध्ये गूगल मॅप्स आले तेव्हापासून वेबवरच्या बहुतेक नकाशांनी मर्केटर प्रक्षेपणाचे एक सोपे रूप स्वीकारले. पृथ्वी पूर्ण गोल धरायची, रेखांश सरळ रेषेत मांडायचे, आणि अक्षांशासाठी टॅन्जंट व सीकंट यांच्या बेरजेचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचे. नकाशा चौरस व्हावा म्हणून तो दोन्हीकडे ८५.०५ अंशांवर कापतात. त्या चौरसाचे २५६ पिक्सेलांचे तुकडे पाडले की प्रत्येक पातळीवर तुकड्यांची संख्या चौपट होते, आणि गोल बाजार कोणत्या तुकड्यात पडतो हे चार ओळींच्या हिशेबात निघते.

या प्रक्षेपणात कोन शाबूत राहतात, लांबी राहत नाही. ती अक्षांशाच्या कोसाइनने भागल्याप्रमाणे फुगते. रायपूरच्या अक्षांशाची कोसाइन ०.९३२, म्हणून तिथे फुगवटा १.०७३ पट, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. अठराव्या पातळीवर विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल ०.६ मीटरचा असतो, रायपूरला ०.५६ मीटरचा. नकाशाचे ‘मीटर’ तसेच मोजून कुणी गोल बाजारालगतची ३०० मीटरची गल्ली मोजली तर उत्तर ३२२ येईल. प्रोग्राम चालतो, आकडा विश्वसनीय दिसतो, चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रक्षेपणाबद्दलच्या भूमिका मुख्यतः दोन. वेब मर्केटरच्या बाजूने असे म्हणता येते की बाजारासारख्या लहान भागात आकार जसेच्या तसे राहतात, चौकातले काटकोन काटकोनच दिसतात, आणि सगळ्या जगाचे तुकडे एकाच साच्यात साठवता येतात. विरोधात असे की जगाच्या नकाशावर ध्रुवाकडचे प्रदेश अवास्तव फुगतात, आणि लंबगोलावरचे अक्षांश गोलाच्या सूत्रात घातल्याने मोजणीच्या कामात गोंधळ होतो. अमेरिकेच्या लष्करी नकाशा संस्थेने २०१४ मध्ये या प्रक्षेपणाच्या वापराबाबत सावधगिरीची सूचना काढली. गूगलने २०१८ मध्ये संगणकावरच्या नकाशात दूर गेल्यावर पृथ्वीगोल दाखवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ‘इक्वल अर्थ’ हे समक्षेत्र प्रक्षेपणही पुढे आले. मोजणीच्या कामाला तिसरा पर्याय यूटीएम जाळ्याचा : रायपूर आणि नागपूर दोन्ही त्याच्या ४४ व्या पट्ट्यात येतात, आणि त्या पट्ट्याची ८१ अंशांची मध्यरेषा रायपूरच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे तिथे लांबीतला फरक दहा हजारांत चारच्या आत राहतो.

अंतराच्या सूत्रांचे भांडण यापेक्षा जुने. नागपूर (२१.१५, ७९.०९) ते रायपूर (२१.२५, ८१.६३) हे अंतर घेतले तर रेखांशाचा फरक कोसाइनने न गुणणारा प्रोग्राम २८३ किलोमीटरच्या जवळ जातो, गोलावरचे सूत्र २६३.५ च्या आसपास सांगते. गोलावरही दोन सूत्रे आहेत. कोसाइनचा नियम आखूड आहे, पण त्यात शेवटी १ च्या अगदी जवळच्या संख्येची उलट कोसाइन घ्यावी लागते. हॅव्हरसाइन सूत्र त्यापेक्षा लांब. ते उत्क्रमज्येच्या, म्हणजे १ वजा कोसाइनच्या, अर्ध्यावर उभे आहे, जिची कोष्टके भारतीय ज्योतिषग्रंथांत होती आणि एकोणिसाव्या शतकात युरोपच्या खलाशांकडेही. १९८४ मध्ये रॉजर सिनॉटने ‘स्काय अँड टेलिस्कोप’मध्ये या सूत्राचे गुण सांगितले, आणि तेव्हापासून संगणकावर तेच वापरावे असा दंडक पडला.

दंडकामागचे कारण त्या काळाचे होते. ३२ बिटांच्या संख्येत १ च्या लगतची पुढची लहान संख्या घेऊन उलट कोसाइन काढली तर पृथ्वीवरचे सर्वांत लहान अंतर २.२ किलोमीटर निघते. गोल बाजारातली सगळी दुकाने एक तर एकाच बिंदूवर येतील, नाहीतर सव्वादोन किलोमीटर दूर. जावास्क्रिप्टच्या ६४ बिटांत तोच टप्पा दहा सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे कोसाइनचा नियम ‘चूक’ आहे हे आजही शिकवले जाणारे वाक्य वेबवर तितकेसे खरे नाही. हॅव्हरसाइन वापरण्यात तोटा काहीच नाही, एवढेच.

पृथ्वी गोल नाही, हा पुढचा आक्षेप. वरच्या नागपूर-रायपूर अंतरात लंबगोलाचा हिशेब केला तर सुमारे ४०० मीटरची भर पडते. व्हिन्सेंटीची १९७५ ची रीत यासाठी प्रचलित आहे, पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांच्या बिंदूंसाठी ती कधीकधी उत्तरापर्यंत पोहोचतच नाही. चार्ल्स कार्नीने २०१३ मध्ये दिलेली रीत कुठेही अडत नाही आणि तिचे जावास्क्रिप्ट रूपही मिळते. दुकान शोधणाऱ्याला या अचूकतेचा उपयोग नाही. जमिनीच्या हद्दी किंवा हवाई मार्ग दाखवणाऱ्या पानाला आहे.

सर्व्हरच्या बाजूचा मुद्दा वेगाचा. ‘गोल बाजारापासून ५ किलोमीटरच्या आतली दुकाने’ असा प्रश्न विचारताना डेटाबेसमधल्या प्रत्येक ओळीसाठी हॅव्हरसाइन काढणे फुकटचा खर्च आहे. आधी चौकट आखावी : अक्षांशात दोन्हीकडे ०.०४५ अंश, रेखांशात कोसाइनने भागून ०.०४८ अंश. चौकटीत आलेल्या मोजक्या दुकानांसाठीच खरे अंतर काढावे. यावर बहुतेकांचे एकमत आहे.

या सगळ्यावर मात करणारी एक जुनी अडचण राहते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर आखलेले, तर मोबाइलमधले स्थान डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या लंबगोलावर. दोन्हींचे अक्षांश-रेखांश न बदलता एकत्र मांडले तर ठिपका शंभर मीटरहून अधिक सरकू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आणले, पण जुन्या नकाशांवरून उचललेले आकडे अजून फिरत असतात. दाट बाजारपेठेत शंभर मीटर म्हणजे भलतीच गल्ली. त्यापुढे हॅव्हरसाइन की कोसाइन हा प्रश्न गौण ठरतो.

शेवटच्या अंकाचा वाद

जावास्क्रिप्टचे मानक साइनचे उत्तर नेमके किती असावे हे सांगत नाही. जवळचे असावे एवढेच म्हणते, आणि सन मायक्रोसिस्टम्सच्या ‘एफडीलिबएम’ या गणिती ग्रंथालयातल्या रीतींची शिफारस करते. त्या रीतीत कोन आधी पायच्या एक चतुर्थांशाच्या आत आणतात आणि मग बहुपदीने किंमत काढतात.

क्रोमच्या इंजिनाने २०१३ च्या सुमारास वेगासाठी वेगळा मार्ग धरला : साइनचे कोष्टक ठेवायचे आणि मधली किंमत तिसऱ्या घाताच्या अंतर्वेशनाने काढायची. ब्रह्मगुप्ताच्या मार्गाशी याचे नाते उघड आहे. पण अचूकतेबद्दल तक्रारी आल्या आणि २०१४ मध्ये इंजिन एफडीलिबएमच्या रीतीकडे वळले. त्याच वर्षी ब्रूस डॉसनने दाखवून दिले की इंटेलच्या प्रोसेसरमधली तयार साइनची आज्ञा पायच्या जवळ तिच्या कागदपत्रांत म्हटले होते त्यापेक्षा फारच कमी अंक बरोबर देते. इंटेलने मग कागदपत्रे सुधारली. हार्डवेअरचा वेग आणि सॉफ्टवेअरची हमी यांतला हा पेच तेव्हा सॉफ्टवेअरच्या बाजूने सुटला.

वेगवेगळे ब्राउझर आणि वेगवेगळ्या कार्यप्रणाली शेवटच्या अंकात वेगळी उत्तरे देतात, याचा एक अनपेक्षित परिणाम खासगीपणावर झाला. एखाद्या प्रचंड संख्येचा टॅन्जंट विचारून पानाला वापरणाऱ्याच्या यंत्राबद्दल अंदाज बांधता येतो. ओळख लपवू पाहणाऱ्या ब्राउझरांना म्हणून सगळीकडे एकच उत्तर देणारी अंमलबजावणी हवी असते.

येथे दोन भूमिका समोरासमोर आहेत. एक गट म्हणतो, मानकाने अचूक गोलाकारण सक्तीचे करावे : खरे उत्तर ६४ बिटांत ज्या संख्येच्या सर्वांत जवळ असेल तीच संख्या द्यावी. पूर्वी हे परवडत नसे. काही कोनांची साइन दोन संख्यांच्या इतकी मधोमध पडते की ती कोणाकडे झुकते हे ठरवायला किती अंक काढावे लागतील हे आधी सांगता येत नाही. फ्रान्समधल्या कोअर-मॅथ प्रकल्पाने अशा फंक्शनांची वेगवान रूपे तयार करून ‘परवडत नाही’ हा युक्तिवाद बराच सैल केला आहे. दुसरा गट म्हणतो, बहुतेक पानांना शेवटचा अंक लागत नाही आणि इंजिनांना सुधारणेची मोकळीक हवी. दोन खेळाडूंच्या यंत्रांवर तोच खेळ पावलागणिक सारखा चालावा अशी गरज असते तिथे मात्र शेवटचा अंक फुगत जाऊन खेळ फाटतो. असे कार्यक्रम पुष्कळदा वेबअसेम्ब्लीकडे वळतात : तिच्यात साइनची आज्ञाच नाही, साइन प्रोग्रामबरोबर संकलित होऊन येते, म्हणून सगळीकडे सारखी चालते.

ग्राफिक्स प्रोसेसर, आणि साइन टाळणारे

वेबजीएल २०११ मध्ये आणि वेबजीपीयू २०२३ मध्ये क्रोममधून आल्यावर साइन मोठ्या प्रमाणात ग्राफिक्स प्रोसेसरवर चालू लागली. तिथे वेग अफाट, हमी तोकडी. वेबजीपीयूच्या भाषेचे मानक उणे पाय ते पाय या टप्प्यात साइनची चूक २ च्या उणे ११ व्या घाताच्या, म्हणजे ०.०००४९ च्या आत असावी एवढेच सांगते. त्याबाहेर काही वचन नाही. प्रत्यक्षातले प्रोसेसर अनेकदा यापेक्षा चांगले असतात, तरी कागदावरची हमी सातव्या शतकातल्या भास्कराच्या सूत्रापेक्षा साडेतीन पटींनीसुद्धा अधिक अचूक नाही.

याचा परिणाम दिसतो तो साइनला मोठ्या संख्येने गुणून तिच्या दशांश भागातून ‘यादृच्छिक’ संख्या बनवणाऱ्या प्रसिद्ध एकओळी युक्तीत. एका यंत्रावर ती वाळूसारखी पसरलेली नक्षी देते, दुसऱ्यावर पट्टे. नकाशातही ३२ बिटांची मर्यादा आड येते : ८१.६३ या रेखांशाभोवती दोन शेजारच्या संख्यांतले अंतर रायपूरला जमिनीवर सुमारे ०.८ मीटर भरते, त्यामुळे खूप जवळ गेल्यावर दुकानांच्या कडा थरथरतात. संख्येचे मोठा भाग आणि उरलेला भाग असे दोन तुकडे पाठवणे, किंवा जवळच्या एखाद्या बिंदूपासूनचे फरकच पाठवणे, हे उपाय नकाशा ग्रंथालये वापरतात.

एक पंथ साइन आणि उलट कोसाइन शक्यतो लिहूच नये असे मानतो. शेडर, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारे प्रोग्राम, लिहिण्यात नाव असलेल्या इनिगो कीलेसने हा आग्रह धरला : दोन दिशांतला कोन काढून लगेच त्याची साइन घ्यायची, त्यापेक्षा सदिशांच्या गुणाकारांतून ती थेट मिळते. प्रत्येक चौकटीत साइन नव्याने न काढता मागच्या बिंदूला बेरीजसूत्राने फिरवत नेणे हाही याच विचाराचा भाग. चूक साठत जाते, म्हणून अधूनमधून त्रिज्या पूर्ववत करावी लागते. विरोधकांना यात वाचनीयतेचा बळी दिसतो. कोन लिहिला की हेतू कळतो, सदिश लिहिला की कळत नाही.

न सुटलेले

कोनाच्या एककांची आणि शून्य दिशेची विसंगती मिटण्याची चिन्हे नाहीत. जुनी पाने मोडण्याची भीती प्रत्येक प्रस्तावाला रोखते. स्टाइलशीटमध्ये मजकुराची मोजलेली रुंदी हिशेबात घेता येत नाही तोवर दाट लेबलांची वर्तुळाकार मांडणी स्क्रिप्टकडेच राहील. अचूक गोलाकारण आंतरराष्ट्रीय मानकात शिफारस म्हणून आहे, सक्ती म्हणून नाही, आणि जावास्क्रिप्टचे मानकही तिथेच थांबले आहे. ग्राफिक्स प्रोसेसरवर ६४ बिटांची संख्या वेबजीपीयूच्या मूळ भाषेत नसल्याने नकाशांना तुकडे जोडण्याचे उपाय चालू ठेवावे लागतात. प्रक्षेपणाच्या बाबतीत, दूरवरून पृथ्वीगोल आणि जवळून वेब मर्केटर अशी मिश्र पद्धत रुळत आहे. दोन्हींतला सांधा कोणत्या पातळीवर असावा, हे प्रत्येक नकाशा आपापल्या सोयीने ठरवतो.